पांढऱ्यावर पांढरं

आमच्या ऑफिसात सगळे त्यांना भाऊजी म्हणायचे. खरं तर ते भाऊजी एकट्या मालकाचे, मालकाच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पण मालक दिवसातून पन्नास वेळा 'भाऊजी, हे बघा', 'भाऊजी, ते झालं का' करायचा, मग बाकीच्यांनी वेगळं काय म्हणायचं? मी रुजू झाले त्याच आठवड्यात माझ्याही तोंडात ते बसलं. पुढे पुढे तर ज्यांच्या वेबसाइट आम्ही करायचो ते लोकसुद्धा फोनवर 'जरा भाऊजींना द्या' म्हणायला लागले. एकदा भाऊजी डबा घरी विसरले म्हणून त्यांची बायको तो द्यायला आली. पाच मिनिटं दारात उभी होती, तेवढ्यात चार जणांनी तिच्या नवऱ्याला भाऊजी अशी हाक मारली. आपल्याला एवढी भावंडं कधी झाली, अशा चेहऱ्यानं ती जिना उतरून गेली.

घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या होत्या. जिना इतका अरुंद, की वर जाणाऱ्यानं खाली येणाऱ्याला आधी आवाज द्यायचा. पुढच्या खोलीत सहा टेबलं आणि सहा ढेरपोटे मॉनिटर. दुपारपर्यंत त्यांच्या उष्म्यानंच खोली तापायची. मागची खोली अडगळीची. भाऊजींचं टेबल खिडकीपाशी होतं, पण उजेड काचेवर पडू नये म्हणून त्यांनी ते तिरकं करून घेतलं होतं. टेबलावर रंगाच्या कंपनीचं एक जुनं शेडकार्ड, लाकडी पट्टी आणि चष्म्याचं घर. कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या माणसाला लाकडी पट्टी कशाला लागते, हे मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. ते म्हणाले, मोजायला. आणि खरंच, ते काचेला पट्टी लावून रकाने मोजायचे.

ऑफिसात येण्याआधी सव्वीस वर्षं भाऊजींनी पाट्या रंगवल्या होत्या. लाँड्री, दवाखाने, चित्रकलेचे वर्ग, चपलांची दुकानं. त्यांच्या अक्षरांची सावली अशी पडायची की अक्षर पाटीतून वर आल्यासारखं वाटायचं, आणि जाता-येता लोक बोट लावून बघायचे. मग छापील प्लॅस्टिकचे फलक आले. ज्या पाटीला भाऊजींना चार दिवस लागायचे ती मशीन चाळीस मिनिटांत काढून द्यायचं. दोन वर्षांत हातावरचं काम बंद पडलं. आठ महिने ते घरी बसून होते. मालकानं तेव्हा नुकतंच वेबसाइटचं काम सुरू केलं होतं. त्यानं बहिणीला सांगितलं, भाऊजींना माझ्याकडे पाठव, माझ्याकडची पोरं कोड झकास लिहितात, पण पान दिसतं सरकारी अर्जासारखं. भाऊजींनी फक्त रंग सांगायचे.

भाऊजींनी तीन महिने रंग सांगितले. चौथ्या महिन्यापासून ते स्वतःच लिहायला लागले. दोन बोटांनी, एकेक ओळ पुटपुटत. वेबपानाचे दोन भाग असतात: एक मजकूर, आणि दुसरा तो मजकूर कुठल्या रंगात, किती रुंद, कुठे दिसायचा हे सांगणारी सजावट. भाऊजींना सजावटीची भाषा जमली. पान तयार झालं की ते खुर्ची मागे सरकवायचे, एक डोळा मिटायचे आणि रस्त्याच्या पलीकडून पाटी बघावी तसं बघायचे.

आता थोडं त्या काळाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. पान लोकांना दाखवतो तो ब्राउझर. तेव्हा ब्राउझर अनेक होते आणि कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता. सजावटीचे सगळ्यांनी मिळून ठरवलेले नियम होते, पण प्रत्येकाचे घरगुती नखरेही होते. सगळ्यांत जास्त नखरे एका ब्राउझरचे. तो बहुतेक कॉम्प्युटरांमध्ये आयताच बसवून यायचा, म्हणून आम्ही त्याला 'आयता' म्हणायचो. गडदपासून फिक्यापर्यंत उतरत जाणारा रंग, अक्षराभोवती उजेड, मऊ सावल्या, हे सगळं आयत्याला यायचं आणि इतरांना यायचं नाही. नियमांच्या पुस्तकात त्यातलं काहीच नव्हतं. भाऊजींनी मात्र ते सगळं हुडकून काढलं होतं. एका रोपवाटिकेच्या पानावर त्यांनी उजवीकडची वर-खाली सरकवायची पट्टीसुद्धा पानाच्या हिरव्या रंगाची केली आणि तिचे बाण देठाच्या तपकिरी रंगाचे. रोपवाटिकेचा मालक म्हणे गिऱ्हाइकांना खुर्चीत बसवून ती पट्टी वर-खाली करून दाखवायचा. रोपं राहायची बाजूला.

मी माझ्या टेबलावर एक नवा ब्राउझर वापरायचे. थोडा तो चांगला होता म्हणून, आणि थोडा मी तेवीस वर्षांची होते म्हणून. त्यात भाऊजींच्या सावल्या गायब व्हायच्या, आणि तीन रकान्यांपैकी तिसरा घसरून खाली पडायचा. मी त्यांना एक-दोनदा बोलावून दाखवलं. त्यांनी एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाले, तुझ्या खिडकीची काच वाकडी बसलीय, त्यात माझ्या चित्राचा काय दोष? सगळे हसले. मीही हसले. हिशेबानं ते चुकीचं बोलत नव्हते. शंभरातले नव्वद लोक आयताच वापरत होते, आणि उरलेल्या दहांसाठी दुप्पट काम करायला मालक तयार नव्हता. मग मी सांगणं सोडून दिलं.

अशात एका डोळ्यांच्या दवाखान्याचं पान आलं. तिथल्या डॉक्टरांची एकच मागणी होती. दवाखान्याचा फोन नंबर त्याच महिन्यात बदलला होता. ऑपरेशन होऊन घरी गेलेल्या पेशंटला काही विचारायचं असेल तर नवा नंबर पानावर चटकन दिसला पाहिजे. भाऊजींनी हे फारच मनावर घेतलं. त्यांनी उजव्या बाजूला एक चौकट केली. वर गडद निळी, खाली उतरता उतरता आभाळासारखी फिकी. आणि तिच्यात मोठ्या पांढऱ्या आकड्यांत नंबर. इतकं सुरेख काम त्यांनी त्याआधी केलं नव्हतं. डॉक्टर खूश झाले. तिथली नोंदणीची बाई घरी जाणाऱ्या प्रत्येक पेशंटला सांगायला लागली, काही वाटलं तर आमच्या पानावर निळ्या चौकटीत नंबर आहे.

पान सुरू झालं त्याच आठवड्यात, गुरुवारी, मी ते माझ्या ब्राउझरमध्ये उघडलं होतं. चौकटीच्या जागी नुसतं पांढरं होतं. मला ते दिसलं. जेवण झाल्यावर सांगू, असं मी ठरवलं. जेवणानंतर दुसरं काम आलं. मग डॉक्टरांचा कौतुकाचा फोन आला आणि भाऊजी उभं राहून तो ऐकत होते. त्यानंतर मी ते विसरले, की मी ते विसरू दिलं, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

पाच आठवड्यांनी दवाखान्याकडून एक जाड पाकीट आलं. आत त्यांच्या एका पेशंटचं पत्र होतं. एकाहत्तर वर्षांच्या बाई, चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, तीन तासांवरच्या एका लहान गावात एकट्या राहणाऱ्या. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला. त्यांच्या लेकीनं त्यांना कॉम्प्युटर घेऊन दिला होता आणि जास्त सुरक्षित म्हणून त्यात नवा ब्राउझर टाकून दिला होता. तोच, जो मी वापरायचे.

ऑपरेशननंतर आठव्या दिवशी त्यांना डोळ्यात घालायच्या थेंबांबद्दल काही विचारायचं होतं. फाइलवरच्या जुन्या नंबरावर फोन लागेना. म्हणून त्यांनी पान उघडलं. बाकी सगळं स्वच्छ दिसत होतं. डॉक्टरांचं नाव, वेळा, पत्ता. पण निळी चौकटही नाही आणि नंबरही नाही. त्यांनी उजवा डोळा झाकून बघितलं, मग डावा झाकून बघितलं. चष्मा बदलला. दिव्याची जागा बदलली. वर्तमानपत्र वाचलं, तर ते बारीक अक्षरांसकट वाचता आलं. पत्रात त्यांनी लिहिलं होतं: 'यावरून मी असा निष्कर्ष काढला की माझ्या दृष्टीचा एक तुकडा गळून पडला असावा, आणि तो निळ्या रंगाचा असावा.' लेक काळजी करील म्हणून त्यांनी तिला कळवलं नाही. दोन दिवस तसेच काढले आणि तिसऱ्या दिवशी बसनं दवाखाना गाठला.

डोळा उत्तम होता. डॉक्टरांनी आपल्या कॉम्प्युटरवर पान उघडून दाखवलं. तिथे निळी चौकटही होती आणि नंबरही. दुसरं कोणी असतं तर ओशाळून घरी गेलं असतं. या बाई घरी गेल्या आणि त्यांनी पुन्हा पान उघडलं. पुन्हा पांढरं. मग त्यांनी आलेखाचा कागद घेतला, त्यावर अख्खं पान मापात काढलं, आणि उजव्या बाजूला तुटक रेघांचा आयत आखून त्यात लिहिलं: '७.२ सेंमी गुणिले ४.५ सेंमी रिकामी जागा. येथे निळी चौकट असल्याचे सांगितले जाते.' पत्राची शेवटची ओळ अशी होती: 'चूक माझ्या डोळ्यात नाही हे सिद्ध झाले आहे. ती कोठे आहे हे शोधून कृपया कळवावे.'

मालकानं ते पत्र मोठ्यांदा वाचलं. निळ्या तुकड्यापाशी त्याला हसू आलं, आणखी एकदोघांनाही आलं. भाऊजी हसले नाहीत. त्यांनी हात पुढे करून आलेखाचा कागद मागितला आणि तो घेऊन सरळ माझ्या टेबलाशी आले.

"तुझ्या खिडकीत उघड," ते म्हणाले.

मी पान उघडलं. त्यांनी काचेला पट्टी लावून पांढरी जागा मोजली. माझा मॉनिटर मोठा होता, त्यामुळे आकडे जुळले नाहीत, पण आकार तोच होता. मग त्यांनी विचारलं, तू हे याआधी उघडलं होतंस का. मी हो म्हणाले. कधी, तर पहिल्याच आठवड्यात.

त्यांनी पट्टी माझ्या टेबलावर ठेवली.

"तुला दिसलं आणि तू गप्प बसलीस. तू दाखवायचीस तेव्हा मी हसण्यावारी नेलं. कुणाचं किती ते नंतर बघू. आधी हे का झालं ते सांग."

मी सांगितलं. उतरत्या रंगाची ओळ आयत्याची घरगुती. माझ्या ब्राउझरला ती कळत नाही, म्हणून तो ती सोडून देतो. चौकटीला दुसरा कुठलाच रंग दिलेला नाही, म्हणून ती पानासारखीच पांढरी राहते. पण आकडे पांढरे करा ही ओळ मात्र सगळ्यांना कळते.

"म्हणजे पांढऱ्यावर पांढरं."

"हो."

भाऊजी माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. "सव्वीस वर्षांत आधी अस्तराचा सपाट हात मारल्याशिवाय एका पाटीला रंग लावला नाही मी," ते म्हणाले. "आणि इथं थेट नक्षी काढत बसलो."

दुरुस्ती एका ओळीची होती. आधी सगळ्यांना कळेल असा सपाट निळा रंग द्यायचा, मग त्यावर आयत्यासाठी उतरता. मिनिटभराचंही काम नव्हतं. ते झाल्यावर एक माफीचं पत्र पाठवून विषय संपला असता, आणि मालकाचंही तेच म्हणणं होतं. भाऊजी म्हणाले, त्या बाई एवढा प्रवास करून गेल्या, तर उत्तर पत्रानं द्यायचं नाही. शनिवारी मी जातो. मग माझ्याकडे बघून म्हणाले, आणि हीसुद्धा येईल.

बसमध्ये ते फारसं बोलले नाहीत. इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि आलेखाचा कागद घडी न घालता एका पुठ्ठ्याला लावून मांडीवर धरला होता. मधे एकदा त्यांनी सांगितलं, की तरुणपणी एका दवाखान्याच्या पाटीवर त्यांनी वेळ चुकीची लिहिली होती. अख्ख्या गल्लीच्या देखत भर उन्हात शिडीवर चढून ती खोडावी लागली. "पण ती चूक रस्त्यावरनं दिसत तरी होती," ते म्हणाले. "ही ज्याला दिसते त्यालाच दिसते. आणि तो बिचारा समजतो, आपलेच डोळे गेले."

बाईंचं घर दोन खोल्यांचं होतं. सगळं जागच्या जागी. कॉम्प्युटरवर विणलेलं झाकण, शेजारी भिंग, थेंबांच्या बाटल्या उंचीप्रमाणे उभ्या. बाई ठेंगण्या, ताठ, चष्मा गळ्यात दोरीला. त्यांनी आम्हाला पाणी दिलं, चहा दिला, आणि आमचा चहा संपेपर्यंत विषयाला हातही लावला नाही. मग झाकण काढलं. पान समोर उघडंच होतं, आणि तेही जुनंच.

"मी ते त्या दिवसापासून बंद केलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पुरावा हलवायचा नसतो."

मी माउस धरला आणि रिकाम्या जागेवरून मजकूर निवडतात तसा ओढत नेला. तिथे गडद पट्टा उमटला आणि पट्ट्यात आकडे दिसायला लागले. बाई पुढे वाकल्या. त्यांनी नंबर एकेक आकडा करून मोठ्यांदा वाचला, शाळेत उत्तर वाचून दाखवतात तसा. मग मागे टेकल्या.

"म्हणजे होता इथंच."

"होता," भाऊजी म्हणाले. "मी तो दिसणार नाही असा लिहिला होता. तुमच्या डोळ्यात काही नव्हतं. चूक माझी."

बाईंनी चष्मा काढून गळ्यात सोडला. मग अगदी सहज, बाजारभाव सांगावा तशा म्हणाल्या, "ते दोन दिवस मी घर पाठ करत होते. ओट्यापासून दारापर्यंत अकरा पावलं. दारापासून पलंगापर्यंत सात. डोळे मिटून चालून बघितलं. पलंगाच्या कोपऱ्याला गुडघा लागला, तेवढंच."

भाऊजींनी हातातला रिकामा कप खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि पुन्हा ठेवला. मला वर बघता येईना. मीही त्या पावलांमधली काही पावलं त्यांना चालायला लावली होती.

मग बाईंनीच विचारलं, "तुम्ही अशी पानं आणखी किती केलीत?"

भाऊजींनी मनात मोजलं. "एक्केचाळीस."

"मग इथं काय बसलात?"

सोमवारी भाऊजींनी मालकाकडे मागची अडगळीची खोली मागितली. ती साफ केली, भिंतीला चुना मारला आणि कुठून कुठून मोडके कॉम्प्युटर गोळा करून आणले. भंगारवाल्याकडचे दोन, मालकाच्या घरचा एक, डॉक्टरांनी दिलेला एक, ओळखीपाळखीतून तीन. असे सात जमले. प्रत्येकात वेगळा ब्राउझर, आणि एक मुद्दाम इतक्या लहान पडद्याचा, की त्यावर बघताना मान पुढे न्यावी लागायची. आम्ही त्या खोलीला नेत्रविभाग म्हणायला लागलो. भिंतीवर भाऊजींनी हातानं आखलेला तक्ता: उभ्या रकान्यांत सात ब्राउझर, आडव्या ओळींत एक्केचाळीस पानं. प्रत्येक पान प्रत्येक ठिकाणी उघडायचं, पट्टीनं मोजायचं आणि नीट दिसलं तर चौकोनात टिंब द्यायचं.

पहिल्या पंधरा दिवसांतच त्यांना धक्के बसले. एका औषधाच्या दुकानाच्या पानावर 'रविवारी बंद' ही ओळ दोन ब्राउझरांत दिसतच नव्हती. एका प्रवासी कंपनीच्या पानावर सावली इतकी जाड पडायची की दोन आणि सात सारखेच वाटायचे. कितीतरी ठिकाणी तिसरा रकाना घसरलेला. भाऊजी रोज काहीतरी काढून टाकत होते आणि रोज थोडे गप्प होत होते. एकदा मी म्हणाले, सरळ सगळे नखरे काढून टाकू या, साधं पान कुठेही साधंच दिसतं. त्यावर त्यांनी नाही म्हणून सांगितलं.

"दागिना दिसला तर दिसला," ते म्हणाले. "पण नाही दिसला तरी अंगभर कपडे पाहिजेत. एवढं सांभाळलं की दागिना घालायला हरकत नाही."

म्हणून रोपवाटिकेची हिरवी पट्टी त्यांनी तशीच ठेवली. आयत्यात ती हिरवी दिसायची, इतरांत नेहमीची करडी, आणि त्यात कुणाचं काही अडत नव्हतं.

दुसऱ्या महिन्यात मालकाचा धीर सुटला. नवी कामं खोळंबली होती. तो नेत्रविभागाच्या दारात येऊन म्हणाला, भाऊजी, दहा टक्क्यांसाठी किती दिवस घालवायचे? भाऊजी ऑफिसात त्याला कायम मालक म्हणायचे, घरचं नातं कधी मधे आणायचे नाहीत. त्या दिवशी त्यांनी खुर्ची वळवली.

"मेहुणे," ते म्हणाले, "तुमच्या ताईचासुद्धा मोतीबिंदू पिकत आलाय."

मालक आल्या पावली परत गेला. त्यानंतर त्यानं विचारलं नाही. उलट, नवीन पान नेत्रविभागातून आल्याशिवाय बाहेर सोडायचं नाही, असा नियमच त्यानं केला.

तक्त्यावरचं शेवटचं टिंब पडायला चार महिने लागले. पण आमच्या टिंबावर भरवसा ठेवतील त्या गणिताच्या बाई कसल्या. त्यांनी कळवलं, की नवं पान झालं की पत्ता मला पाठवत जा, मी तपासीन. भाऊजींनी पहिलं पान मोठ्या विश्वासानं पाठवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: दहापैकी चार. खाली शेरे. अक्षर फिकं, ओळी दाट, दुव्यावर टिचकी मारल्यावर ती लागली की नाही ते कळत नाही. भाऊजी दुपारभर फणफणत होते, गणिताच्या बाईंना रंगातलं काय कळतं म्हणून. संध्याकाळी जाताना मी बघितलं, तर ओळींमधलं अंतर वाढवलेलं होतं.

हे नऊ वर्षं चाललं. बाईंचा दुसरा डोळाही झाला. आमची पानं एक्केचाळिसाची दोनशेच्या वर गेली. भाऊजींना त्यांनी दहापैकी दहा कधीच दिले नाहीत. एकदा साडेनऊ आले, तेव्हा भाऊजींनी ऑफिसला चहा पाजला आणि मग आठवडाभर तो अर्धा कुठे गेला हे शोधत बसले. इतक्या वर्षांत ते दोघं भेटले असतील तीनदा. ज्या सोमवारी बाईंचं उत्तर आलेलं नसे, त्या सोमवारी भाऊजी दर तासाला ई-मेल उघडून बघायचे.

शेवटचं पान एका बेकरीचं होतं. त्याला साडेसात मिळाले. पंधरा दिवसांनी बाईंच्या ई-मेलच्या पत्त्यावरून त्यांच्या लेकीचं पत्र आलं, आई गेली. झोपेतच गेली. सामान आवरताना तिला एक वही सापडली होती. रेघा आखलेली, तारखा, विषय, गुण, शेरे. नऊ वर्षांची वही, आणि विद्यार्थी एकच. लेकीनं विचारलं होतं, 'आईला तर ना बहीण होती, ना दीर. मग हे भाऊजी कोण?'

त्या पत्राचं उत्तर भाऊजींनी स्वतः लिहिलं. काय लिहिलं ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

तोपर्यंत दिवस पालटले होते. ब्राउझर हळूहळू एका वळणावर आले. आयत्याची सद्दी संपली. एके दिवशी मी भाऊजींना सांगितलं, की उतरत्या रंगाला आता सगळ्यांची मिळून एकच ओळ ठरलीय. त्यांनी ती दोन बोटांनी लिहिली आणि नेत्रविभागातल्या एकेका कॉम्प्युटरसमोर जाऊन बघितली. अगदी जुने दोन सोडले, तर सगळीकडे तोच निळा, तसाच उतरत गेलेला. ते बराच वेळ या खुर्चीवरून त्या खुर्चीवर जाऊन बसत होते. मला वाटलं, त्यांना वाईट वाटत असेल. तर म्हणाले, "बाईंना हे बघायला मिळायला हवं होतं. तरी आठच दिले असते म्हणा."

पुढे लोक तयार साच्यांतून आपली पानं आपणच करायला लागले. भाऊजी एकसष्ट वर्षांचे झाले त्या वर्षी मालकानं ऑफिस बंद केलं. खाली घड्याळवाल्याचं दुकानही त्याच सुमाराला उठलं. आम्ही केलेल्या दोनशेवर पानांतलं आज एकही जागेवर नाही. पत्ता टाकला की भलतंच काहीतरी उघडतं, नाहीतर काहीच उघडत नाही. दवाखान्याचं पान तीनदा नवं झालं. मी आता मोठ्या कंपनीत आहे. तिथे शंभर ब्राउझरांतली चित्रं यंत्रच काढून देतं आणि फरक लाल रंगात दाखवतं. यंत्र चुकत नाही. तरी कधी कधी मी खुर्ची मागे घेते आणि एक डोळा मिटून बघते. शेजारचे विचारतात, मान आखडली का.

गेल्या थंडीत मी भाऊजींना भेटायला गेले. सत्तरी गाठलीय, केस सगळे पांढरे. ते घराजवळच्या वाचनालयात आठवड्यातून दोन सकाळी वयस्क लोकांना कॉम्प्युटर शिकवतात. मी पोचले तेव्हा वर्ग चालू होता. पंधरा-सोळा जण होते, बहुतेकांच्या गळ्यात चष्मे. भाऊजी पुढे एका गृहस्थांच्या खुर्चीमागे उभे राहून काहीतरी समजावत होते. मागच्या रांगेत त्यांची बायको वही घेऊन बसली होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

तिनं मला ओळखलं. हळू आवाजात सांगायला लागली, की ती चार महिने येतेय, आता भाचीला ई-मेल पाठवता येतो. मग म्हणाली, यांच्या पाट्या मी सगळ्या बघितल्यात, बाजाराच्या वाटेवरच असायच्या. पण वेबसाइट एकही नाही बघितली. घरी कॉम्प्युटर कुठे होता?

"विचारलं नाहीत कधी?" मी म्हणाले.

ती वहीच्या कडेशी चाळा करत राहिली. "मला वाटायचं, भावानं माझ्याकडे बघून त्यांना नुसतं बसवून घेतलंय. काम काय असणार तिथं त्यांना? विचारलं असतं तर त्यांना ते बोलून दाखवावं लागलं असतं. म्हणून पंधरा वर्षं नाही विचारलं."

मग मी तिला सगळं सांगितलं. निळी चौकट, आलेखाचा कागद, अकरा पावलं, चुना मारलेली खोली, नऊ वर्षांची वही. माझा तो गुरुवारही सांगितला. पुढे भाऊजी कुणाला तरी हळू दाबा, एकदाच दाबा, असं सांगत होते. ती माझ्याकडे न बघता त्यांच्याकडे बघत ऐकत होती. संपल्यावर एवढंच म्हणाली, "हे मला कुणी सांगितलंच नाही."

वर्ग सुटला. भाऊजींनी मला बघितलं, तब्येतीची, नोकरीची चौकशी केली. यंत्र फरक दाखवतं हे ऐकून त्यांनी मान हलवली आणि विचारलं, कुणाला दाखवतं. आम्ही तिघं बाहेर पडलो. वाचनालयाच्या पायऱ्या उतरताना तिनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

"अहो," ती म्हणाली, "त्या गणिताच्या बाई राहायच्या कुठे?"

ते थांबले. माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. तीन तास लागायचे बसनं, ते सांगायला लागले, स्टँडपासून डावीकडे वळलं की दुसरी गल्ली. ती दोघं बोलत बोलत पुढे झाली. मी मुद्दामच जरा मागे राहिले.